पाहण्यासारखा कुणासाठी?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

समीक्षक म्हणतात, 'वेळ दवडू नका'. आणि लोक तिकिटासाठी रांगा लावतात. समीक्षक म्हणतात, 'चुकवू नका'. आणि थिएटरात डोअरकीपरखेरीज कुणी नसतं. हा वाद आपल्याकडे किती जुना आहे, त्यात कोण बरोबर ठरलं आणि त्या वादात आपण काय गमावलं, याचा हा मागोवा.



१९९१ सालची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी 'माहेरची साडी' हा चित्रपट लागला होता. मी तेव्हा नुकताच फिल्म सोसायटीचा सभासद झालो होतो. सत्यजित राय पाहिले होते, कुरोसावा पाहिला होता, त्यामुळे आपल्याला सिनेमा कळतो अशी माझी खात्री झाली होती. गावातल्या एका साप्ताहिकात मी या चित्रपटाचं परीक्षण लिहिलं आणि त्याची यथेच्छ टिंगल केली. रडकी कथा, भडक अभिनय, खलनायकी सासू, सोशिक सून. शेवटी वाचकांना सल्लाही दिला, की तिकिटाचे पैसे वाचवा आणि रुमालही कोरडा ठेवा.

आईनं ते परीक्षण वाचलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना घेऊन ती बायकांसाठी ठेवलेल्या दुपारच्या खास खेळाला गेली. परतली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा होता. मी हसून विचारलं, "काय, आवडला?" ती म्हणाली, "तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. पण घरात मोठ्यानं रडायची सोय नसते रे बायकांना. तिथे अंधार असतो. कुणी विचारत नाही."

माझ्या परीक्षणात कॅमेरा होता, पटकथा होती, संकलन होतं. त्या अंधारात बसलेल्या बायका मात्र नव्हत्या. आज इतक्या वर्षांनंतरही तो चित्रपट मला चांगला वाटत नाही. सोसत राहणारी सून म्हणजे आदर्श सून, हे त्याचं सांगणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण 'हा पाहण्यासारखा नाही' असं लिहिताना, कुणाला पाहण्यासारखा नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. आज तोच प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे.

हा वाद आपल्या सिनेमाइतकाच जुना आहे म्हटलं तरी चालेल. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९२७ मध्ये, ब्रिटिश सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. मद्रासचे वकील टी. रंगाचारियार तिचे अध्यक्ष होते. समितीनं देशभर हिंडून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्या साक्षींतून एक चित्र स्पष्ट दिसतं. इंग्रजी शिकलेला वर्ग परदेशी चित्रपट पसंत करत होता. देशी चित्रपट संथ असतात, त्यांची छायाचित्रं नीट नसतात, अभिनय बेतास बात असतो, अशा त्याच्या तक्रारी होत्या. आणि बहुसंख्य साधा प्रेक्षक, त्याच उणिवांसकट, देशी चित्रपटांना गर्दी करत होता. पडद्यावर त्याचे देव होते, त्याच्या कथा होत्या, त्याच्या ओळखीची वेशभूषा होती. म्हणजे वृत्तपत्रांतली आजची परीक्षणं सुरू होण्याआधीच दोन रांगा पडल्या होत्या. एक बाल्कनीची आणि एक पिटाची.

पुढे बोलपट आला आणि वादाला धार चढली. १९३५ साली दोन घटना घडल्या. वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' पडद्यावर आला आणि 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक निघालं.

'हंटरवाली'ची नायिका नादिया. ऑस्ट्रेलियात जन्मलेली, मूळ नाव मेरी इव्हान्स. हातात चाबूक, तोंडावर बुरखा, घोड्यावर मांड टाकून गुंडांना लोळवणारी ही बाई पडद्यावर कोण पाहणार, अशी शंका वितरकांना होती. समीक्षकांच्या लेखी स्टंटपट म्हणजे दखल घेण्याच्याही लायकीची गोष्ट नव्हती. गिरणगावातल्या आणि गावोगावच्या तंबूतल्या प्रेक्षकानं मात्र नादियाला डोक्यावर घेतलं. गंमत अशी, की हे स्टंटपट काढणारे जे. बी. एच. वाडिया स्वतः उच्चविद्याविभूषित होते. आपण कुणासाठी चित्रपट काढतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आणि 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल. हा आपल्या पालघरकडचा माणूस. इंग्रजी अशी लिहायचे, की वाचणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला फोड यावेत. निर्माते त्यांना वचकून असत. वाचकांच्या पत्रांना त्यांनी दिलेली तिरकस उत्तरं वाचण्यासाठी लोक अंक विकत घेत. पुढे त्यांनी स्वतः 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' हे चित्रपट दिग्दर्शित केले. पण लेखणीनं त्यांना जे स्थान दिलं, ते कॅमेऱ्यानं दिलं नाही. त्यांना हिणवण्यासाठी मी हे सांगत नाही. चांगला चित्रपट ओळखणं ही एक विद्या आहे आणि तो करणं ही दुसरी, एवढंच यातून कळतं.

याउलट उदाहरण ख्वाजा अहमद अब्बास यांचं. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये ते चित्रपटांवर लिहीत. मग स्वतः पटकथा लिहू लागले. १९४६ साली त्यांनी बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. जाणकारांनी त्याचा गौरव केला, पण त्याला गर्दी झाली नाही. आणि याच अब्बासांनी आपल्या व्ही. पी. साठे यांच्या जोडीनं राज कपूरसाठी 'आवारा' लिहिला, 'श्री ४२०' लिहिला, पुढे १९७३ मध्ये 'बॉबी' लिहिला. हे चित्रपट पाहायला लोकांची झुंबड उडाली. त्यांनी स्वतः काढलेल्या 'शहर और सपना'ला १९६३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आज 'आवारा' ठाऊक असलेल्या शंभर जणांत 'शहर और सपना' पाहिलेला एक तरी निघेल का, शंका आहे. लेखणी एकच, विचार एकच. फरक पडला तो समोर कोण बसलं आहे याच्या हिशेबानं.

आता कुणी म्हणेल, मग समीक्षक आणि प्रेक्षक यांचं कधी जमतच नाही का? जमतं की! प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. १९३६ सालचा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. दोघंही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात तो वर्षाहून अधिक काळ चालला. खेडोपाडी लोकांनी पडद्यावरच्या विष्णुपंत पागनिसांना हात जोडले. आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात परदेशी जाणकारांनीही त्याची वाखाणणी केली. वारकरी आणि व्हेनिसचा परीक्षक एकाच चित्रपटापुढे नतमस्तक झाला. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'चंही तसंच. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं आणि घरोघरच्या आयांनी मुलांना हाताला धरून तो दाखवला. असे योग येतात. पण ते योगच.

दरी रुंदावली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिचं कारण एका अर्थी चांगलंच होतं. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन' असे चित्रपट आपल्याकडच्या लोकांनी पाहिले आणि सिनेमा असाही असू शकतो हे त्यांना उमगलं. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. १९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. चित्रपट पाहायलाही शिकावं लागतं, हा विचार महाराष्ट्रात रुजला. माझ्यासारख्या कित्येकांना त्यानं नवे डोळे दिले, त्याचं ऋण मी नाकारणार नाही. पण नवे डोळे आले की जुन्या डोळ्यांना कमी लेखण्याची सवयही हळूच येते. आम्हालाही ती लागली.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. दादा नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतले, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगानं त्यांना नाव दिलं होतं. दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या' लागायला अडचण आली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि तो लागला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दादांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांगच लावली आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. पांढरपेशा समीक्षकांनी नाकं मुरडली. द्व्यर्थी संवाद, अचकटविचकट विनोद, नाडी लोंबणारी चड्डी. या टीकेतलं काही मला आजही रास्त वाटतं. त्या विनोदात बाई बहुतेक वेळा चेष्टेचा विषय होते, आणि हे समीक्षकानं सांगितलंच पाहिजे. पण त्या विनोदाचं मूळ तमाशाच्या वगात आहे, तिथला सोंगाड्या राजालाही टोपी घालतो, आणि दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार त्या सोंगाड्यात स्वतःला पाहून हसतो, हे फार थोड्यांनी लिहिलं. शिव्या दिल्या त्या भाषेला. ती भाषा बोलणाऱ्या माणसाची चौकशी केली नाही.

मग आलं १९७५. या वादाच्या इतिहासातलं हे फार मोलाचं वर्ष. त्या एका वर्षात 'दीवार', 'जय संतोषी माँ' आणि 'शोले' हे तीन चित्रपट आले.

'शोले' १५ ऑगस्टला लागला. देशात आणीबाणी होती. पहिल्या आठवड्यातली परीक्षणं थंड होती, काही तर जहरी होती. परदेशी चित्रपटांची उसनवारी, हिंसाचाराचा अतिरेक, असा सूर होता. व्यापारातल्या लोकांनीही हात टेकले. गब्बरचा आवाज खलनायकाला शोभत नाही, असंही बोललं गेलं. शेवट बदलून अमिताभच्या जयला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत निर्मात्यांची चर्चा झाली. मग म्हणतात, की वरळीच्या एका थिएटरच्या मालकानं रमेश सिप्पींना सांगितलं, काळजी करू नका, चित्रपट चालणार. कशावरून? तर मध्यंतरात त्याचं आइस्क्रीम आणि थंड पेय खपत नव्हतं. लोक खुर्चीवरून उठतच नव्हते! समीक्षकाचं लक्ष पडद्याकडे होतं, त्या मालकाचं लक्ष प्रेक्षकाकडे होतं. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्याला एकच बक्षीस मिळालं, संकलनाचं, आणि ते आपल्या एम. एस. शिंदे यांना. २००२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं दहा भारतीय चित्रपटांची यादी केली, तेव्हा समीक्षकांनीच 'शोले'ला पहिला क्रमांक दिला. मत बदलायला जाणकारांना सत्तावीस वर्षं लागली. प्रेक्षकाला काही आठवडे पुरले होते.

आणि 'जय संतोषी माँ'? तुटपुंज्या खर्चात केलेला, मोठा नट नाही, साधी ट्रिक दृश्यं. समीक्षकांनी त्याची फारशी दखलही घेतली नाही. बायका मात्र थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती सुरू झाली की पडद्यावर पैसे आणि फुलं उधळली जात. शुक्रवारचं व्रत, गूळ-फुटाण्याचा प्रसाद, आंबट वर्ज्य. ज्या बाईला मोठं अनुष्ठान परवडत नाही, तिच्या ऐपतीतली ही देवी होती. पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या चित्रपटावर गंभीरपणे लिहिलं. पण ते पुढे. त्या शुक्रवारी वर्तमानपत्र उघडणाऱ्याला याचा पत्ता नव्हता.

एवढं ऐकल्यावर आपल्याला वाटेल, की प्रेक्षकच नेहमी बरोबर असतो असं मी म्हणतो आहे. तसं मात्र नाही. १९५९ साली गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' आला. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांनी त्यात प्रकाशाचे जे झोत पकडले, ते आजही पाहताना श्वास रोखला जातो. लोकांनी तो नाकारला. तो पार पडला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा कधी लावलं नाही आणि १९६४ मध्ये ते गेले. आज देशोदेशी तो चित्रपट अभिजात म्हणून दाखवला जातो, पण ते पाहायला ते नाहीत. गर्दीच्या निकालावर अपील करायचं तर वेळ लागतो, आणि कलावंताकडे तेवढा वेळ असतोच असं नाही. अशा वेळी 'थांबा, यात काहीतरी आहे' असं ओरडून सांगणारा एखादा समीक्षक लागतो. त्याचं खरं काम ते आहे.

मग या दोघांत निवाडा कुणी करायचा? आपण सहज म्हणतो, काळ करील. पण श्रोतेहो, काळाच्या न्यायालयात हजर व्हायचं तर चित्रपटाची प्रत शिल्लक असावी लागते! आणि इथे आपण या वादात काय गमावलं तो मुद्दा येतो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा. आज त्याची एकही प्रत नाही. आपल्या मूकपटांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच टिकले. नायट्रेटची फिल्म आपोआप पेट घेई. शिवाय जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली गेली. ज्या चित्रपटांना 'पाहण्यासारखा नाही' म्हणून बाजूला टाकलं होतं, ते जपायला कोण धावणार? चांगले म्हणवलेले चित्रपटही गेले, मग हलक्या मानलेल्यांची काय कथा!

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर नावाचे गृहस्थ होते. जन्मानं केरळचे, कर्मानं पुण्याचे. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले, २०१६ मध्ये पुण्यातच वारले. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलेली रिळं त्यांनी शोधून काढली. त्यांचा नियम साधा होता: जपणाऱ्यानं निवडायचं नाही. अभिजात असो की भिकार, मिळेल ते ठेवायचं. आज आपल्याला जे क्षुद्र वाटतं, त्यातून उद्याचा माणूस काय वाचेल हे आपल्याला सांगता येत नाही. नादियाचंच पाहा. १९९३ मध्ये वाडिया कुटुंबातल्याच एका तरुणानं तिच्यावर माहितीपट केला, तेव्हा स्वातंत्र्यपूर्व काळात पडद्यावर अन्यायाविरुद्ध हात उगारणारी बाई जगाला नव्यानं दिसली. कशामुळे? तर रिळं शिल्लक होती म्हणून. आणि 'शोले'सारख्या 'शोले'चंही तेच. आणीबाणीत सेन्सॉरच्या आग्रहानं त्याचा शेवट बदलला होता. तो मूळ शेवट असलेली, डागडुजी केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. इतका पाहिला गेलेला चित्रपट, पण त्यालाही शोधून, जुळवून वाचवावं लागलं.

म्हणून समीक्षकाशी मतभेद झाला तर बिचकू नका, आणि त्याच्यावर खेकसूही नका. आता तर परीक्षण वाचायला शुक्रवारची वाट पाहावी लागत नाही. हातातल्या फोनवर तारे मोजून चित्रपट ठरतो, आणि तारे देणारे हजारो आहेत. पण तारा हे उत्तर झालं, कारण नाही झालं. समीक्षकाला कारण विचारा. तो म्हणतो पटकथा सैल आहे, तर ती कुठे सैल आहे ते पाहा. मग स्वतःलाही कारण विचारा. मला का आवडला? मी कुणाबरोबर पाहिला, त्या दिवशी माझ्या मनात काय होतं? दोन्ही कारणं समोर ठेवली, की भांडणाचा संवाद होतो. आणि एखादा चित्रपट आपल्याला नाही आवडला, तरी तो कुणीतरी जपून ठेवतो आहे ना, एवढी चौकशी जरूर करा.

माझी आई आता नाही. मधे कधीतरी टीव्हीवर 'माहेरची साडी' लागला होता. मी सबंध पाहिला. उषा नाडकर्णींची सासू तशीच कडाडत होती, अलका कुबल तशीच सोसत होती. माझं मत काही बदललं नाही. पटकथेबद्दल मी पूर्वी जे लिहिलं, ते आजही लिहीन. फक्त शेवटची ओळ, ती रुमालाची, ती गाळीन. आणि तिच्या जागी लिहीन, की दुपारच्या खेळाला जा, आणि पडद्याकडे पाहता पाहता एकदा मान वळवून मागच्या रांगांकडेही पाहा.